नागवन आणि गजशाला : पालि साहित्यातील बंदिवान हत्ती

२०२५ च्या जुलै महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी येथील मठाची हत्तीण न्यायालयाच्या आदेशानुसार गुजरातेतील जामनगर येथे हलविण्यात आली आणि माणसाच्या ताब्यातील हत्तीने कोठे व कसे राहावे, या प्रश्नाची महाराष्ट्रात घरोघरी चर्चा झाली. त्यापूर्वी २०१४ मध्ये याच जिल्ह्यातील जोतिबा देवस्थानाचा ‘सुंदर’ हा हत्ती बंगळूरजवळील बन्नेरघट्टा येथे नेण्यात आला होता. या वादात एका बाजूने श्रद्धेचा व मायेचा, तर दुसऱ्या बाजूने कायद्याचा व पशुवैद्यकाचा दाखला देण्यात आला. इतिहासाचा दाखला मात्र क्वचितच कोणी दिला. वस्तुतः अरण्यातील हत्ती माणसाच्या आवारात आणून ठेवल्याने त्याचे काय होते, हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. पालि साहित्याने तो स्पष्टपणे मांडला आहे आणि त्याचे उत्तरही दिले आहे. ते उत्तर कोणते, आणि बौद्ध देशांनी ते किती पाळले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दुसऱ्यांच्या मठाकडे बोट दाखविण्याचा हेतू येथे नाही. या बाबतीत बौद्धांचे घरही निर्दोष नाही, हे पुढे दिसून येईल.

हत्ती माणसाळविण्याची रीत

मज्झिमनिकायातील दन्तभूमिसुत्तात, राजगृहाच्या वेळुवनात असताना, भगवान बुद्धांनी अचिरवत नावाच्या श्रामणेराला हत्ती माणसाळविण्याची रीत सविस्तर सांगितली आहे. राजा प्रथम नागवनिकाला, म्हणजे हत्तींचे वन जाणणाऱ्या माणसाला, राजहत्तीवर बसवून वनात पाठवितो. रानातील हत्तीला राजहत्तीच्या मानेशी जखडून मोकळ्या जागेत आणले जाते. मग हत्थिदमक जमिनीत मोठा खांब पुरून त्याला मानेने बांधतो आणि त्याच्या अरण्यातील सवयी, आठवणी व संकल्प नाहीसे करण्याच्या कामास लागतो. त्याच्याशी मृदू वाणीने बोलले जाते. तो ऐकू लागला की चारा व पाणी दिले जाते. त्यानंतर उचलणे व ठेवणे, पुढे जाणे व मागे येणे, उठणे व बसणे अशा आज्ञा शिकविल्या जातात. अखेरच्या परीक्षेत सोंडेला मोठी फळी बांधतात, मानेवर भालाईत बसवितात, चहूबाजूंनी शस्त्रधारी उभे करतात. तरीही जो हत्ती तसूभर हलत नाही तोच राजाच्या योग्यतेचा ठरतो.

हा दृष्टान्त श्रावकाच्या क्रमिक शिक्षणासाठी योजलेला आहे. एवढ्यावरून बुद्धांनी हत्ती पकडण्यास मान्यता दिली, असा अर्थ काढता येत नाही. सतिपट्ठानसुत्तात देहाच्या धातूंचे विवेचन करताना खाटकाचा दृष्टान्त आला आहे. त्यावरून कोणी खाटकाच्या धंद्याचे समर्थन करीत नाही. उलट, दन्तभूमिसुत्ताचे वैशिष्ट्य असे की, मोकळ्या जागेत आणलेला हत्ती नागवनाच्या ओढीने व्याकूळ असतो, ही गोष्ट ते लपवीत नाही. शिकविण्याची रीत कितीही सौम्य असली, तरी ज्यावर घाव घातला जातो ती अरण्याची स्मृतीच असते, हे त्या वर्णनातून उघड होते.

याच निकायातील कन्दरकसुत्तात पेस्स नावाचा माहुताचा मुलगा चंपा नगरीत बुद्धांना भेटतो. माणूस गहन आहे, पण प्राणी उघडा असतो, असे तो स्वतःच्या अनुभवाने सांगतो. बुद्ध त्याचे म्हणणे मान्य करतात आणि पुढे भिक्खूंसमोर त्याला पंडित म्हणून गौरवितात. हत्तीचे मन सर्वांत जवळून जाणणाऱ्या कष्टकऱ्याच्या ज्ञानाला येथे जे स्थान मिळाले आहे, ते आजच्या चर्चेत माहुताला क्वचितच मिळते.

अन्नाला न शिवणारा हत्ती

धम्मपदाच्या नागवग्गात धनपालक या हत्तीचा उल्लेख आहे. मदमस्त व आवरण्यास कठीण असा हा हत्ती बांधल्यावर घास खात नाही, त्याला नागवनच आठवते, असा त्या गाथेचा आशय आहे. अट्ठकथेनुसार काशीच्या राजाने हत्तीच्या आचार्याला पाठवून त्याला रमणीय नागवनातून पकडून आणले होते. त्याची शाळा सुगंधी व शृंगारलेली होती, अन्न राजाच्या ताटातले होते. तरीही आईच्या आठवणीने त्याने ते टाकले. मुलांनी टाकून दिलेल्या एका वृद्ध पित्याच्या प्रसंगात ही गाथा सांगितली गेली, असे अट्ठकथाकार म्हणतो. म्हणजे मातापित्यांची सेवा कशी करावी, हे माणसाने बंदिवान हत्तीकडून शिकावयाचे आहे.

मातुपोसक जातकात हीच कथा विस्ताराने येते. अंध मातेचे पोषण करणारा श्वेत हत्ती रानात वाट चुकलेल्या एका वनचराला पाठीवर बसवून सुखरूप बाहेर सोडतो. तो कृतघ्न मनुष्य झाडांच्या खुणा लक्षात ठेवून वाराणसीच्या राजाला बातमी देतो आणि हत्ती पकडला जातो. शृंगारलेल्या शाळेत तो काहीही खात नाही. राजा कारण विचारतो, कारण कळताच त्याला मुक्त करतो. हत्ती परत जाऊन सोंडेने आईच्या अंगावर पाणी शिंपडतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ही कथा चित्रित केलेली आहे.

या कथेचा शेवट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. राजा त्या कमलसरोवराजवळ एक गाव वसवितो आणि हत्ती व त्याची माता यांच्यासाठी अन्नाची कायमची व्यवस्था लावून देतो. पुढे तो हत्तीची दगडी मूर्ती करवितो आणि तिच्यासमोर दरवर्षी ‘हत्थिमह’ हा उत्सव भरू लागतो. जिवंत हत्ती रानात, राजाचे साहाय्य त्याच्या रानात, आणि उत्सवासाठी दगडाचा हत्ती, अशी ही व्यवस्था आहे. ज्यांना मिरवणुकीसाठी जिवंत हत्तीच हवा असतो, त्यांनी या जुन्या कथेचा अवश्य विचार करावा.

पारिलेय्यकाचा एकांत

हत्ती हा कळपात राहणारा प्राणी आहे. म्हणून एकटा हत्ती दुःखी, असे आपण म्हणतो. याच्या उलट वाटणारी कथा उदानात आहे. कोसंबीतील गर्दीला कंटाळून भगवान बुद्ध पारिलेय्यकाच्या रक्षितवनात एकटे जाऊन राहिले. तेथे एक गजराजही कळपाच्या गर्दीला कंटाळून आला होता. कळपात त्याला शेंडे खुडलेले गवत खावे लागे, गढूळ पाणी प्यावे लागे. त्याने बुद्धांसाठी जागा स्वच्छ केली, सोंडेने पाणी आणले. येथे एकांत हत्तीने स्वतः निवडलेला आहे. प्राणिसंग्रहालयातील एकटेपणा त्याच्यावर लादलेला असतो. दोन्हींत बाह्यतः हत्ती एकटाच दिसतो. पण एकात निवड आहे, दुसऱ्यात नाही.

धम्मपद अट्ठकथेत या प्रसंगाचा शेवट येतो. बुद्ध परत निघाले तेव्हा हत्ती मागोमाग चालू लागला. मनुष्यवस्तीच्या सीमेवर बुद्धांनी त्याला थांबविले. येथून पुढची वस्ती तुला धोक्याची आहे, असे समजावले. ज्या हत्तीने स्वेच्छेने सेवा केली, ज्याचा वियोग त्याला असह्य झाला, त्यालाही तथागतांनी विहारात आणले नाही.

अशोकाचे नागवन

‘नागवन’ हे आजच्या अभयारण्याचे प्राचीन रूप होय, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कौटिलीय अर्थशास्त्रात नागवनाच्या रक्षणाचे कडक नियम आहेत आणि हत्ती मारणाऱ्यास देहदंड सांगितला आहे. वीस वर्षांचा हत्ती पकडावा. पिल्लू, रोगी, गाभण व दूध पाजणारी हत्तीण पकडू नये, असेही तेथे म्हटले आहे. या नियमांमागे सैन्याला हत्ती पुरविण्याचा हिशोब होता. नागवन हे राज्याचे कोठार होते.

राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात सम्राट अशोकाने याच नागवनाचा उल्लेख केला आहे. ठरावीक दिवशी नागवनात व कोळ्यांच्या राखीव जागी इतर प्राण्यांचीही हत्या करू नये, असा तो आदेश आहे. दुसऱ्या शिलालेखात माणसांप्रमाणेच पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था सांगितली आहे. नागवन रद्द झाले नाही, राज्याचे हत्तीही राहिले. परंतु युद्धाच्या कोठारात करुणेचा नियम प्रथमच शिरला. धौली येथे शिलालेखाच्या वर खडकातून बाहेर येणारा जो हत्ती कोरला आहे, त्याच्या पायात साखळी नाही आणि पाठीवर स्वारही नाही.

दानात दिलेला हत्ती

चूळहत्थिपदोपमसुत्ताचे नावच हत्तीच्या पाउलावरून पडले आहे. त्याच सुत्तात भिक्खूच्या शीलाची गणना करताना हत्ती, गाय, घोडा यांचा स्वीकार करण्यापासून तो विरत असतो, असे सांगितले आहे. दीघनिकायाच्या पहिल्या वग्गातही हेच शील पुनःपुन्हा येते. तेव्हा विहाराला हत्तीचे दान देणे आणि विहाराने ते घेणे, या दोन्ही गोष्टींना प्राचीन शीलाचा आधार नाही. वेस्सन्तर जातकात हत्तीच्या दानाची स्तुती आहे, हे खरे. पण तेथे हत्ती ही राजपुत्राची मालमत्ता आहे आणि त्याच्या मनाचा विचार कथाकार करीत नाही. दोन्ही परंपरा आपल्यासमोर आहेत. शील कोणते व अलंकार कोणता, हे आपण ठरवावयाचे आहे.

हा केवळ ग्रंथातला वाद नाही. २००१ मध्ये थायलंडने श्रीलंकेला भेट दिलेला मुथुराजा हा हत्ती तेथील एका विहारात ठेवण्यात आला. त्याच्या अंगावर जखमा होत्या आणि पुढचा एक पाय ताठर झाला होता. अखेर जुलै २०२३ मध्ये थायलंडने त्याला विमानाने परत नेले. दाता बौद्ध, घेणारा बौद्ध, आणि दुःख हत्तीचे, असा हा व्यवहार होता.

दुसरे उदाहरण कावानचे. १९८५ मध्ये श्रीलंकेने पाकिस्तानला दिलेला हा हत्ती इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयात राहिला. त्याची जोडीदारीण २०१२ मध्ये मरण पावली आणि तो आठ वर्षे एकटा उभ्या जागी डोके हलवीत राहिला. २०२० मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्याच्या मुक्ततेचा आदेश दिला आणि वर्षाअखेरीस तो कंबोडियातील अभयारण्यात पोहोचला. तेथे बौद्ध भिक्खूंनी मंगलपाठ करून त्याचे स्वागत केले. तक्षशिलेच्या अवशेषांपासून दूर नसलेल्या शहरातील न्यायालयाने मातुपोसक जातकातील राजाचे काम केले, असे म्हटल्यास ते अनुचित ठरणार नाही.

आजचा पुरावा

जुन्या कथा आजच्या प्रश्नाला प्रमाण कशा मानाव्या, असे कोणी विचारील. त्याने आजचे आकडे पाहावेत. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचे मध्यक आयुर्मान सुमारे १९ वर्षे, तर म्यानमारमधील लाकूड ओढणाऱ्या हत्तिणींचे सुमारे ४२ वर्षे आढळले. म्यानमारचे हे हत्ती स्वतंत्र नव्हेत. मात्र काम संपल्यावर रात्री ते जंगलात चरावयास सोडले जातात आणि इतर हत्तींत मिसळतात. पोटभर चारा व वैद्य असलेल्या आवारापेक्षा कष्टासह मिळालेले रान अधिक आयुष्य देते, असा याचा अर्थ होतो. पुढे २०१८ मध्ये त्याच देशातील ५००० हून अधिक हत्तींच्या नोंदींवरून असे दिसले की, रानातून पकडलेल्या हत्तींचे आयुष्य बंदिवासात जन्मलेल्यांपेक्षा ३ ते ७ वर्षांनी कमी असते. धनपालकाची व्यथा कवीची कल्पना नव्हती.

भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्येच प्राणिसंग्रहालयांतील हत्ती वनखात्याच्या छावण्यांत व पुनर्वसन केंद्रांत हलवावेत, असे ठरविले. उलट, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने धार्मिक वा अन्य कारणासाठी ताब्यातील हत्तीच्या हस्तांतरणास मुभा ठेवली. एका हाताने दार उघडावे आणि दुसऱ्याने ते लावून घ्यावे, असे हे झाले.

‘अभयारण्य’ म्हटले म्हणजे सर्व साधले, असेही नाही. श्रीलंकेत पिन्नवला येथे १९७५ मध्ये अनाथ पिल्लांसाठी संस्था निघाली. तेथे हत्ती जन्मभर माणसाच्या ताब्यात राहतात, त्यांची पैदास होते आणि प्रवासी ते पाहावयास येतात. उडवलवे येथे १९९५ मध्ये निघालेल्या केंद्रात पिल्लांचा माणसाशी संबंध मुद्दाम कमी ठेवून त्यांना वाढवितात आणि पुढे रानात सोडून देतात. शंभराहून अधिक हत्ती असे मोकळे झाले आहेत. दोन्ही संस्था एकाच देशाच्या व अनाथ पिल्लांसाठीच निघालेल्या. पाटीवरचे नाव पाहून निर्णय करता येत नाही, हे यावरून कळते.

समारोप

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करावयास लावते. नागपूरच्या दीक्षेतील बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांविषयी दया व त्यांच्या पालनाची प्रतिज्ञा आहे. तीही तत्त्व म्हणूनच घ्यावी लागेल. मग कोणत्याही आवाराबद्दल, ते देवस्थानाचे असो, सरकारी असो वा धनिकाचे, आपल्याला तीन प्रश्न विचारता येतील. येथे हत्तीला इतर हत्ती भेटतात काय? चालणे व थांबणे, सोबत व एकांत यांत त्याला स्वतःची निवड आहे काय? आणि तो येथे स्वतःसाठी आहे, की पाहणाऱ्यांसाठी?

त्याला चौथा प्रश्न जोडला पाहिजे : साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माहुताचे पुढे काय? हत्ती सोडविताना पेस्साच्या वंशजाची भाकर काढून घेणे, किंवा अभयारण्याच्या नावाखाली आदिवासींना वनातून उठविणे, ही करुणा नव्हे. त्याचे ज्ञान नव्या केंद्रांत सन्मानाने व योग्य वेतनाने उपयोगात आणता येते. मातुपोसक जातकातील राजाने हत्तीला सोडले आणि सरोवराकाठी गावही वसविले, हे विसरता कामा नये.

‘अभय’ हा शब्द आपल्या परंपरेत मोठा आहे. ज्या वनाला आपण तो लावतो, तेथे हत्तीला आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला, दोघांनाही भय नसावे. आणि आपल्या विहारांपुरते बोलावयाचे, तर उद्या एखाद्या श्रीमंत उपासकाने श्रद्धेने हत्ती देऊ केला, तरी विहाराने तो नम्रपणे नाकारावा. शिल्पातला हत्ती आपल्याला पुरेसा आहे.