तारायानातला हँगर, आपली ‘विक्रांत’ आणि जालन्याचं भंगार

मागच्या वेळी एका वाचकानं विचारलं होतं, “तुमच्या पीएचडीचा विषय नक्की काय आहे?” घरीही हाच प्रश्न असतो. सोपं उत्तर असं, की यंत्रं जिथे ठेवली जातात, दुरुस्त होतात, त्या जागांचा इतिहास मी अभ्यासतो. गॅरेज, लोको शेड, हँगर वगैरे. आज त्यातलं एक उदाहरण घेऊ. सुरुवात मुद्दाम कल्पनेतल्या जागेपासून करतो.

8 सप्टेंबर 1966 ला अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. त्यातलं तारायान म्हणजे ‘एंटरप्राइझ’. या यानाच्या मागच्या टोकाला एक मोठा हँगर आहे. दोन्हीकडे सरकणारी दारं उघडतात आणि आतून छोटं यान, म्हणजे शटल, बाहेर पडतं. गंमत अशी की सुरुवातीला हे शटल नव्हतंच. तेवढ्या पैशात ते बनवणं जमत नव्हतं, म्हणून माणसं एका क्षणात खाली ग्रहावर पाठवणारं यंत्र लेखकांनी कल्पिलं. पहिल्याच वर्षीच्या एका भागात ते यंत्र बिघडतं आणि काही माणसं गोठवणाऱ्या थंडीत ग्रहावर अडकतात. शटल पाठवून त्यांना आणावं, हे कुणाच्या तोंडी येत नाही, कारण शटल अजून तयारच नव्हतं! पुढे खेळण्यांचे सांगाडे विकणाऱ्या एका कंपनीनं मॉडेल विकायच्या हक्काच्या बदल्यात ते बनवून दिलं आणि जानेवारी 1967 मध्ये ते पडद्यावर आलं. हँगर मात्र खरा उभारला नव्हता, ते छोटं मॉडेल होतं.

आता माझा प्रश्न बघा. अवकाशात हँगर हवाच कशाला? तिथे पाऊस नाही, वारा नाही, गंज नाही. उलट दार उघडायचं तर आतली हवा आधी काढून घ्यावी लागते, नंतर परत भरावी लागते. म्हणजे दुप्पट कटकट. खरी अवकाशयानं काय करतात? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला हँगर नाही. आलेलं यान बाहेरूनच जोडलं जातं आणि माणसं झडपेतून आत जातात. मग तारायानात हँगर आला कुठून?

आला समुद्रावरून. ‘एंटरप्राइझ’ हे नावच मुळात अमेरिकी विमानवाहू जहाजांचं. एक दुसऱ्या महायुद्धात लढलेलं, दुसरं 1961 मध्ये दाखल झालेलं अणुशक्तीवरचं. आणि समुद्रावर हँगर ही चैन नाही. खारी हवा विमानाचा पत्रा खाते. वादळात डेकवरचं विमान सरळ पाण्यात जाऊ शकतं.

‘हँगर’ हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ गाड्या, अवजारं ठेवायची छपरी. आपल्याकडे शेतात बैलगाडी नि औतं ठेवायला पत्र्याचं छप्पर करतात ना, तेच. 1914 साली ब्रिटिशांनी समुद्रावरून विमानं नेली तेव्हा जहाजावर अक्षरशः कापडी हँगर होते. पुढच्या तीन-चार वर्षांत हँगर डेकच्या खाली गेला, आणि तिथून नवं संकट सुरू झालं : आग.

बंद खोलीत पेट्रोल, बॉम्ब आणि विमानं एकत्र आली की काय होतं, ते 4 जून 1942 ला मिडवेजवळ दिसलं. जपानी जहाजांच्या बंद हँगरमध्ये इंधन भरलेली, शस्त्रं लावलेली विमानं उभी होती. वरून बॉम्ब पडले आणि अकागी, कागा, सोर्यू ही तीन जहाजं आतूनच पेटली. ब्रिटिशांचे हँगरही बंदच असत, पण आग पसरू नये म्हणून मध्ये अग्निरोधक पडदे सोडायची सोय असे. थोडक्यात, टीव्हीवरच्या त्या चकचकीत रिकाम्या खोलीमागे हा सगळा अनुभव आहे.

आता आपल्याकडे येऊ. 1943 मध्ये इंग्लंडमध्ये ‘हर्क्युलिस’ नावाचं विमानवाहू जहाज बांधायला घेतलं गेलं. युद्ध संपलं आणि काम अर्धवट पडलं. भारतानं 1957 मध्ये ते विकत घेतलं, बेलफास्टला पूर्ण करून घेतलं आणि 4 मार्च 1961 रोजी ते ‘आयएनएस विक्रांत’ झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मुंबईत आली. तिच्या पोटातला हँगर चारशे फुटांहून लांब, पन्नासेक फूट रुंद. सी हॉक आणि अलिझे विमानं पंख दुमडून तिथे दाटीवाटीनं उभी राहत आणि दोन लिफ्टनी वर डेकवर जात.

डिसेंबर 1971 मध्ये याच विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. हे आपण शाळेत वाचतो. पण विमान परत आल्यावर ते तपासणारा, तेल बदलणारा, भोकं बुजवणारा माणूस आपल्या वाचनात येत नाही. तो खाली हँगरमध्ये असतो. जहाजाच्या चार बॉयलरपैकी एक निकामी असताना ही मोहीम चालली, म्हणजे खालच्या माणसांवर किती भार असेल, विचार करा. टीव्हीवरसुद्धा कॅमेरा कॅप्टनच्या खुर्चीपाशीच फिरतो. इतिहासही बहुतेक वेळा तिथेच बसतो.

म्हणून मला 2012 हे वर्ष फार लागतं. ‘विक्रांत’ 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली, पुढे मुंबईत संग्रहालय झाली. 2012 मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ते बंद झालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये काय झालं माहितीये? नासानं 1976 मध्ये तयार केलेलं पहिलं चाचणी-शटल, ज्याचं नाव मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून ‘एंटरप्राइझ’ ठेवायला लावलं, ते ‘इंट्रेपिड’ या जुन्या विमानवाहू जहाजाच्या डेकवर कायमचं मांडलं गेलं. जहाजाचं नाव तारायानाला, तारायानाचं शटलला, आणि शटल परत जहाजावर. ‘इंट्रेपिड’ही 1943 चीच, आपल्या ‘विक्रांत’च्या वयाची.

‘विक्रांत’ 2014 मध्ये साठ कोटींना लिलावात गेली. सर्वोच्च न्यायालयात गेलेले प्रयत्नही थकले आणि नोव्हेंबरमध्ये तोडणी सुरू झाली. काही पोलादापासून मोटारसायकल निघाली, काहीचं मुंबईत स्मारक झालं. 2022 मध्ये नवी ‘विक्रांत’ही आली. नाव राहिलं, जागा गेली.

मी जालन्याचा. आमच्या एमआयडीसीत भट्ट्या भंगार वितळवतात आणि त्याच्या सळया होतात. लहानपणापासून तो ढीग बघतोय. भंगाराला गाव नसतं, नाव नसतं. तेच त्याचं अर्थशास्त्र आहे आणि त्यात चूक काही नाही, त्यावर हजारो घरं चालतात. जहाज ठेवणंही स्वस्त नाही. गंजलेला तळ भावनेवर तरंगत नाही, हे मलाही कळतं.

पण जहाज वाचवता आलं नाही, तरी त्या खोलीत काम केलेल्यांच्या आठवणी लिहून घेता येतात. त्याला साठ कोटी लागत नाहीत. एक वही लागते, आणि लवकर जावं लागतं, कारण 1971 ला विशीत असलेला मेकॅनिक आज सत्तरी ओलांडून गेलाय. तुमच्या घरात, गल्लीत नौदलातून, एसटी वर्कशॉपमधून किंवा लोको शेडमधून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर या दिवाळीत त्यांना एवढंच विचारा : “काका, तुम्ही काम करायचा ती जागा कशी होती?” आणि ते सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा.

पुढच्या लेखात लोको शेडबद्दल बोलू.