पीटर पॅनचा आवाज

डिस्नेचा 'पीटर पॅन' (१९५३) आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी पाहिलाय. कधीच मोठा न होणारा, उडणारा पोरगा. त्याला आवाज देणारा बॉबी ड्रिस्कॉल मात्र मोठा झाला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

बॉबीचा जन्म १९३७ चा, आयोवातला. घरचे कॅलिफोर्नियात आले आणि हा लहानपणीच सिनेमात शिरला. 'साँग ऑफ द साउथ' (१९४६) साठी डिस्नेने त्याला आणि लुआना पॅटन या मुलीला चक्क कॉन्ट्रॅक्टवर घेतलं. कार्टूनवाल्या स्टुडिओने असे कायमचे बांधून घेतलेले हे पहिलेच नट!

१९४९ साली आरकेओच्या 'द विंडो'मध्ये त्याने खून पाहिलेल्या मुलाचं काम केलं. पोरगा थापाड्या म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे घरचे विश्वासच ठेवत नाहीत. पुढच्या वर्षी त्याला बालकलाकारांसाठीचं खास ऑस्कर मिळालं. वय वर्षं १३.

मग 'ट्रेझर आयलंड' (१९५०). डिस्नेचा हा पहिला पूर्ण जिवंत नटांचा सिनेमा. युद्धानंतर ब्रिटनमध्ये कमावलेला पैसा देशाबाहेर नेता येत नव्हता, म्हणून शूटिंगही तिकडेच. पण बॉबीकडे वर्क परमिटच नव्हतं! (आयटीवाल्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.) दंड झाला, देश सोडायचा हुकूम निघाला. अपिलासाठी जे थोडे आठवडे मिळाले, त्यात दिग्दर्शक बायरन हॅस्किनने त्याचे क्लोजअप उरकून घेतले.

आता पीटर पॅन. रंगमंचावर हे काम परंपरेने बायका करायच्या, म्हणजे आपल्या बालगंधर्वांच्या बरोबर उलट. डिस्नेने खराखुरा मुलगा घेतला. ॲनिमेशनमध्ये आधी आवाज रेकॉर्ड होतो आणि चित्रं त्यावर बेततात. इथे तर आवाजासोबत जवळच्या दृश्यांसाठी बॉबीचे हावभावही कॅमेऱ्यात घेतले होते. उड्या आणि हालचाली रोलंड डुप्री या नर्तकाच्या. म्हणजे पडद्यावरचा पीटर बराचसा बॉबीच आहे.

सिनेमा फेब्रुवारी १९५३ मध्ये आला. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट रद्द! तोवर तो १६ वर्षांचा झाला होता, चेहऱ्यावर मुरुमं आली होती. आपल्याकडे प्रोजेक्ट संपला की निदान बेंचवर तरी बसवतात हो.

पुढे टीव्हीवर किरकोळ कामं, मग ड्रग्ज, १९५६ मध्ये अटक, १९६१ मध्ये शिक्षा. १९६५ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. ३० मार्च १९६८ रोजी ईस्ट व्हिलेजमधल्या एका ओसाड इमारतीत दोन मुलांना त्याचं प्रेत सापडलं. वय ३१. ओळख पटली नाही, म्हणून हार्ट आयलंडवर बेवारस म्हणून पुरलं. १९६९ मध्ये वडील मरणाला टेकले तेव्हा आईने शोध घेतला आणि बोटांच्या ठशांवरून उलगडा झाला. जगाला कळलं ते १९७२ मध्ये, 'साँग ऑफ द साउथ' पुन्हा लागला तेव्हा.

बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवणारा कूगन कायदा कॅलिफोर्नियात १९३९ पासून होता. पैशांचं ठीक आहे हो, पण सोळाव्या वर्षी निरुपयोगी ठरलेल्या पोराने पुढे करायचं काय, हे कुठल्या कायद्यात लिहिणार?

असो. 'द विंडो' मिळाला तर जरूर बघा. फक्त आवाज नव्हता तो.