कुणाच्याही संचावर लागणारी आकाशवाणी

मिडियम वेव्हवरच्या आकाशवाणीची एक गोष्ट आपण कधी लक्षात घेतली नाही, कारण ती आपल्याला हवेइतकी सहज वाटत होती. संच मर्फीचा असो, फिलिप्सचा असो, बुशचा असो की कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने सुटे भाग जोडून केलेला, बातम्या सगळ्यांवर लागत. पोस्टातून परवाना काढावा लागे, तो भाग वेगळा. पण अमुकच कंपनीचा रेडिओ घ्या, नाहीतर आकाशवाणी ऐकू येणार नाही, असं सरकार कधी म्हणालं नाही. लहर कशी पकडायची याचं तंत्र सगळ्या जगाला माहीत होतं.

इंटरनेट आलं आणि हे बदललं. १९९५ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने रिअलऑडिओ आणलं. गाणं पूर्ण उतरवून न घेता येता-येताच ऐकायची सोय झाली. जगातल्या मोठमोठ्या रेडिओंनी ते उचललं, बीबीसीनेही. पण आवाज ज्या साच्यात बांधला जाई त्याची किल्ली त्या कंपनीकडे होती. ऐकायचं तर तिचाच प्लेअर हवा. मग मायक्रोसॉफ्टने स्वतःचा साचा आणला.

ब्रिटनमध्ये यावर खरं भांडण झालं ते २००७ साली. बीबीसीच्या आयप्लेअरवरून कार्यक्रम उतरवून घेण्याची सोय सुरुवातीला फक्त विंडोजवर चालत होती. तिथे टीव्ही पाहणारी घरं बीबीसीसाठी लायसन्स फी भरतात. लोकांनी विचारलं, फी सगळ्यांकडून आणि कार्यक्रम एका कंपनीच्या गिऱ्हाइकांनाच, हे कसं? त्या वर्षाच्या अखेरीस इतर संगणकांवरही कार्यक्रम पाहता येऊ लागले. गंमत अशी की याच बीबीसीच्या संशोधन विभागाने डिरॅक नावाचा खुला व्हिडिओ साचा तयार केला होता, कुणीही वापरावा असा. एका हाताने कुलूप, दुसऱ्या हाताने किल्ली.

उर्दूवाल्यांना हे दुखणं नवं नाही. १९९४च्या सुमारास इनपेज आलं आणि कातिबांची लेखणी बाजूला पडली. सुंदर नस्तालीक संगणकावर मिळालं, उपकार मोठे. पण इनपेजची फाईल इनपेजशिवाय उघडत नसे. म्हणून उर्दू मजकूर कितीतरी वर्षं इंटरनेटवर चित्र म्हणून चढत राहिला. दिसतो, पण त्यात शब्द शोधता येत नाही. बीबीसी उर्दूने युनिकोड धरलं, आणि त्यांचा मजकूर आजही शोधता येतो. मराठीनेही श्रीलिपीच्या काळात हेच भोगलं आहे. माध्यम कोणतंही असो, साचा कुणाचा हे विचारावंच लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न संगणकावर नाही, घराच्या पत्र्यावर सुटला. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं, तेच आजचं डीडी फ्री डिश. सुरुवातीला ३३ वाहिन्या होत्या. खाजगी डीटीएच कंपन्या आपापल्या कुलुपात वाहिन्या पाठवत. एकीचा बॉक्स दुसरीकडे नेला की निकामी. दूरदर्शनने कुलूपच लावलं नाही. एमपेग-२ या जाहीर जागतिक मानकात वाहिन्या सोडल्या. त्या मानकावर पेटंटं होती, म्हणजे ते फुकट नव्हतं. पण त्याची रीत छापील होती आणि कुठलाही कारखानदार बॉक्स बनवू शकत होता. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. पाथर्डी-शेवगावकडून उसाच्या तोडीला जाणारं कुटुंब सहा-सहा महिने घराबाहेर असतं. दरमहा रिचार्जचा हिशेब त्याला कसा परवडेल?

पुढे प्रसार भारतीने आयकॅस ही देशी कुलूप-प्रणाली आणि अधिकृत बॉक्सची योजना आणली. एमपेग-२ मधल्या वाहिन्या मात्र जुन्या बॉक्सवर दिसत राहिल्या.

या निवडीची किंमत २०२० साली कळली. शाळा बंद होत्या. ऑनलाईन वर्ग म्हणजे स्मार्टफोन आणि डेटा, आणि घरात फोन एकच, तोही बापाबरोबर कामावर गेलेला. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘तिलीमिली’ सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. ती मराठीत होती, त्यामुळे उर्दू माध्यमाच्या लहान वर्गांना अर्धीच कळे. तरी तिला पासवर्ड लागत नव्हता, ही फार मोठी गोष्ट होती.

मात्र साचा खुला असला की काम झालं, असंही नाही. आकाशवाणीने डिजिटल रेडिओसाठी डीआरएम हे खुलं मानक निवडलं, अमेरिकन कंपनीचं एचडी रेडिओ नाही. २००९ पासून प्रसारण सुरू झालं, पुढे मिडियम वेव्हची अनेक प्रक्षेपकं त्यावर आली. पण नगरच्या बाजारात जाऊन डीआरएम संच मागून पाहा. काही नव्या मोटारींत तो येतो. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याच्यासाठी ही निवड कागदावरच राहिली. मानक ठरवलं, पण स्वस्त संच कोण बनवणार हे कुणी पाहिलं नाही. ट्रान्झिस्टरने खेडं गाठलं ते स्वस्त झाल्यावरच.

आता आकाशवाणी न्यूज ऑन एअर ॲपवर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात चित्रपट महोत्सवात वेव्हज हे ॲप आलं. जुन्या मुलाखती आणि मैफली प्रसार भारती यूट्यूबवर चढवते. पोरं ऐकतात, चांगलंच आहे. पण यूट्यूब गूगलचं आहे; जाहिरात कुठली लावायची आणि पुढे कोणता व्हिडिओ दाखवायचा हे गूगल ठरवतं. सार्वजनिक पैशातून झालेलं ध्वनिमुद्रण, कुठल्याही प्लेअरवर वाजेल अशा साध्या फाईलीत, प्रसार भारतीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर उतरवून घेता आलं पाहिजे. एमपीथ्रीचा परवाना देण्याचं काम तर तिच्या मालकांनी २०१७ मध्येच थांबवलं, पेटंटं संपली म्हणून. आता त्या साच्याचं भाडंही कुणाला द्यायचं नाही.