आस्कॉव्हचे मास्तर आणि खेड्यांची वीज

स्मरणिकेत आपण दरवर्षी आपल्या पूर्वजांच्या हकीकती वाचतो. यंदा संपादक मंडळाच्या अनुज्ञेने मी एका परदेशी शिक्षकाची हकीकत सांगणार आहे. प्रस्तुत लेखकाची उभी हयात खडूफळ्यात गेली. तेव्हा हा पक्षपात वाचकांनी पोटात घालावा.

डेन्मार्क देशात आस्कॉव्ह नावाचे खेडे आहे. तेथील लोकविद्यालयात शेतकऱ्यांची प्रौढ मुले राहून शिकत, परीक्षा नसे. (आमच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांस याचा हेवा वाटेल!) हवामान संस्थेचे उपसंचालकपद भूषविलेले पॉल ला कूर १८७८ साली या शाळेत शिक्षक म्हणून आले. वीज शहरांतच राहिली तर खेडी मागे पडतील, ही त्यांची चिंता होती.

सरकारी साहाय्याने १८९१ साली त्यांनी शाळेजवळ वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. परंतु वारा मोठा लहरी! जनित्राची गती सम राहावी म्हणून त्यांनी वजने व चाके यांची एक युक्तीबाज योजना केली. वीज साठवावी कशी? त्यांनी तिच्या योगे पाण्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे केले. त्या वायूवर १८९५ ते १९०२ पर्यंत शाळेचे दिवे जळत. मधूनमधून स्फोट होऊन खिडक्यांच्या काचाही फुटत. व्यवस्थापकांनी हे कसे सोसले, याचे मला राहून राहून नवल वाटते.

तथापि माझ्या मते त्यांचे खरे कार्य चक्की नव्हे. १९०४ पासून त्यांनी ग्रामीण वीजतंत्र्यांचे वर्ग चालविले. खेड्यातील तरुण शिकून परत जात आणि गावच्या वीजकेंद्रात कामास लागत. अशी बरीच केंद्रे गावकऱ्यांच्या सहकारी संस्थांची होती. सहकारी दुग्धालयांमुळे तेथील शेतकऱ्यांस सामाईक कर्जाची सवय होती. गाय एक असो वा वीस, सभासदास मत एकच. पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडलेल्या आपल्या कार्यकर्त्यांस त्यामागील श्रम सांगावयास नकोत. १९१८ च्या सुमारास सुमारे १२० ग्रामीण केंद्रे पवनचक्कीची वीज वापरीत.

पुढे मोठ्या केंद्रांची स्वस्त वीज आली व चक्क्या थांबल्या. मात्र १९०४ च्या वर्गातील एक विद्यार्थी योहानेस यूल यांनी १९५७ साली गेडसर येथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की उभारली. १९७३ साली तेल महागले तेव्हा पुढच्या पिढीने तोच नमुना पुढे ठेवला. शेजारी-शेजारी मिळून भाग घेऊन एकेक चक्की घेऊ लागले. १९७९ च्या कायद्याने घरे उबविणाऱ्या सामाईक उष्णतेवर नफा घेण्यास बंदी केली. ग्राहकाने खर्चापुरतेच मोल द्यावयाचे. कोपनहेगनजवळ समुद्रात २००० साली वीस चक्क्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी निम्म्या साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या.

परंतु चक्क्या जसजशा प्रचंड व महाग झाल्या, तसतशी मालकी गावाबाहेर गेली. नव्या चक्कीचे किमान २० टक्के भाग आसपासच्या रहिवाशांस देऊ करावेत, अशी सक्ती २००९ साली कायद्याने करावी लागली. शेजाऱ्यास शेजाऱ्याने आपण होऊन बोलाविण्याचे दिवस सरल्याचीच ही खूण होय. २०२० साली ती सक्तीही उठली.