लोणच्यावरचा दगड

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. महाराजांनी दोनदा लुटलेले मोगलांचे ते श्रीमंत बंदर. त्या वैभवाच्या वर्णनात स्वयंपाकघर मात्र सहसा येत नाही. आज थोडे तिथेच डोकावू या, आणि तेही एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूसाठी. ती वस्तू म्हणजे लोणच्यावर ठेवायचा दगड.

इंग्रजांची वखार सुरतेत १६१३ पासून होती. जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री १६८९ साली इंग्लंडहून निघाला, सुरतेत राहिला आणि परत गेल्यावर १६९६ मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन छापले. वखारीच्या जेवणाच्या मेजावर आंब्याचे आणि बांबूच्या कोंबांचे अचार नेहमी तयार असे, अशी नोंद त्यात आहे. गंमत म्हणजे वखारीत इंग्रज आणि हिंदी स्वयंपाक्यांबरोबर एक पोर्तुगीज स्वयंपाकीही होता. अचाराची ओळख पोर्तुगीजांना तोवर जुनी झाली होती. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ १५६३ साली आपल्या गोव्यातच छापला गेला. हिरवा बिब्बा मिठात घालतात, त्याला अचार म्हणतात आणि तो बाजारात विकतात, असे त्याने लिहून ठेवले आहे.

पाहुण्याला ताट दिसते, बरणी दिसत नाही. बरणीत काय चालते ते प्रवासवर्णनांपेक्षा आपल्या भाषांनीच अधिक नीट जपले आहे. मराठीतले 'लोणचे' लवणापासून आले, म्हणजे ते मिठाची आठवण ठेवते. सुरतेचे 'अथाणुं' येते 'आथवुं' या क्रियापदाकडून, म्हणजे आंबवणे, मुरवणे. ढोकळ्याच्या पिठाचा 'आथो' त्याच घरचा. आणि आम्हा गोवेकरांचे 'चेपणीचे तोर'? त्या नावात चेपणे आहे, म्हणजेच दगड आहे! मीठ, आंबणे आणि दाब. एकाच कृतीचे तीन टप्पे तीन नावांत वाटले गेले आहेत.

हा दाब कशासाठी? मीठ भाजीतले पाणी ओढून घेते. त्या खाऱ्या पाण्यात आंबटपणा आणणारे जंतू वाढतात आणि नासवणारे मागे पडतात. पण फोड पाण्याहून हलकी, ती वर तरंगते. जिथे तिला हवा लागते तिथे बुरशी धरते. पंख्याखालचे कागद आणि बरणीतल्या फोडी यांचा स्वभाव सारखाच, हे आम्हा कारकुनांना वेगळे सांगायला नको. सुरतेकडे कैरीच्या लोणच्यावर तेलाचा थर उभा करतात. तो हवा अडवतो, म्हणून तिथे दगड लागत नाही. तेल म्हणजे पैसा. जिथे नुसत्या मीठ-पाण्यावर भागवायचे, तिथे दगडाला पर्याय नाही. पावसाळ्यात मासळी नसताना पेजेबरोबर चेपणीचा तोर हेच ज्या घरांचे तोंडीलावणे होते, त्यांच्यासाठी बुयांव नासणे ही चेष्टेची गोष्ट नव्हती.

म्हणून दगड निवडून घेत. गोव्याचा जांभा नको. तो सच्छिद्र, आत खार आणि घाण धरतो, शिवाय झिजून लाल कण सोडतो. पोरबंदरचा प्रसिद्ध दगड इमारतीला उत्तम, पण तो चुन्याचा. आंबट लागले की विरघळू लागतो आणि लोणच्याचा आंबटपणाच मारतो. संगमरवराचेही तेच. कसोटी सोपी आहे: दगडावर लिंबू पिळा, फेस आला तर तो बाद. काळ्या पाषाणाचा, नदीने गुळगुळीत केलेला गोटा सर्वांत भरवशाचा. सुरतेची तापी मुलताईहून निघून याच दख्खनी पाषाणातून वाट काढत येते. गोटा घासून, उकळून, उन्हात वाळवून मगच बरणीत जातो.

घरात पडून असलेली शेर-अदशेराची जुनी वजने वापरावीत का? नकोत. लोखंड गंजते, पितळेत आंबट कळकते. कल्हईचा शोध काही हौसेखातर लागलेला नाही. काचेचे वजन चालते, कारण काच आंबटाला दाद देत नाही.

आणि भार किती? बुडालेला दगड खाऱ्या पाण्यात आपले जवळजवळ एक तृतीयांश वजन गमावतो, म्हणून हातात पुरेसा वाटणारा गोटा बरणीत कमी पडू शकतो. कोबीसारख्या पाणीदार भाजीला सुरुवातीला जड दगड द्यावा आणि पाणी सुटल्यावर हलका करावा. जपानी गृहिणीही असेच करतात. फोडींवर बोटभर पाणी उभे राहिले की भार बरोबर. थेट दगड न ठेवता खाली बशी किंवा लाकडी चकती ठेवली तर दाब सगळीकडे सारखा बसतो.

एवढे सगळे ज्ञान आज्या-पणज्यांच्या हातात होते, कागदावर नव्हते. वाटणीच्या याद्या मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या. त्यांत समया असतात, तांब्याचे हंडे असतात, कधी बुयांवही असते. त्यातला दगड मात्र कोणी लिहीत नाही, कारण दगडाला किंमत कसली? घर रिकामे करताना तो पहिल्यांदा परसात फेकला जातो. पिढ्यान् पिढ्या पारखून ठेवलेली ती वस्तू तिथे पुन्हा नुसता दगड होते.

असो. जुने घर आवरायची वेळ तुमच्यावर आली, तर बरणीच्या शेजारचा काळा गोटा फेकण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा विचारा.