नाव मोकळे आहे का?

दुकान काढायचे, तर नाव ठरवून पाटी रंगवली की झाले. इंटरनेटवर मात्र ते नाव आधी कुणी घेतले नाही ना, हे पाहावे लागते. १९९४ साली जोशुआ क्विटनर या अमेरिकन पत्रकाराने ते पाहिले, तर काय, ‘मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम’ चक्क मोकळे! त्याने कंपनीला फोन केले. कुणी दाद दिली नाही. तेव्हा नोंदणी फुकट होती. त्याने नाव स्वतःच घेतले आणि कंपनीने न्यूयॉर्कमधील एका शाळेला देणगी दिल्यावर ते सोडले. पुढे १९९५ मध्ये दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क आले. १९९९ मध्ये अशा तंट्यांसाठी नियम झाले. तेव्हा मंडळी, ‘मोकळे’ म्हणजे ‘आपले’ नव्हे. पण जे खरोखर आपले आहे, ते वेळीच नोंदवावे.