कार्याधारित मोबदला, आरोग्यसेवेतील
आरोग्यसेवकास ठराविक वेतनाऐवजी पार पाडलेल्या कामाच्या प्रमाणात पैसे देण्याची पद्धती. अल्प उत्पन्नाच्या देशांत तिचा विशेष प्रसार झाला. रूआंडाने २००६ पासून ती आरोग्यकेंद्रांना लागू केली. तेथे केंद्रांतील प्रसूती वाढल्या. गर्भवतींच्या चार तपासण्या पूर्ण होण्याचे प्रमाण मात्र सुधारले नाही.

भारतात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात (२००५) साधारणपणे हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ नेमण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. तिला स्वयंसेविका मानून कामागणिक दर ठरविण्यात आले. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून आरोग्यदूतांकरवी घरच्या घरी नवजात बालकांची शुश्रूषा करण्याचा प्रयोग केला होता. २०११ मध्ये हे काम देशभरातील आशांकडे आले. सहा गृहभेटींस (प्रसूती घरी झाल्यास सात) २५० रुपये ठरले. परंतु मूळ सूचनांनुसार वजनाची नोंद, लसीकरण, जन्मनोंदणी आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत माता व बालक सुखरूप असणे, या अटींवरच ते देय होते. ज्या घरी बालक दगावले, तेथील भेटींचे श्रम अशा रीतीने हिशेबाबाहेर राहत. तिच्या हाती नसलेल्या गोष्टीवर मोबदला अवलंबून ठेवणारी ही अट अन्यायकारकच म्हणावी लागेल.

नोंदी, बैठका इ. नित्य कामांसाठीची मासिक रक्कम केंद्राने २०१८ मध्ये १,००० वरून २,००० रुपये केली. कोविडकाळातील सर्वेक्षणाचा भार सोसल्यावर जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली.